तात्या विंचू, आबा टिपरे आणि गांधीजी: एकच नट इतका वेगळा कसा दिसतो?

सप्टेंबर २०२५ मध्ये सुबोध खानोलकर दिग्दर्शित 'दशावतार' हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि वयाची ८१ वर्षे पूर्ण केलेले दिलीप प्रभावळकर पुन्हा एकदा घरोघरच्या बोलण्याचा विषय झाले. कोकणातला थकलेला दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री हा या चित्रपटाच्या केंद्रस्थानी आहे. ज्या वयात नटांना नायकाच्या वडिलांच्या तसबिरीपुरते काम मिळते, त्या वयात प्रभावळकरांनी अख्खा चित्रपट अंगावर घेतला. त्या निमित्ताने झालेल्या चर्चेत एक गंमत होती. तिशी-चाळिशीतल्या प्रेक्षकांना ते 'झपाटलेला'तला तात्या विंचू म्हणून ठाऊक होते, त्यांच्या आईवडिलांना चिमणराव म्हणून, तर मराठी न कळणाऱ्यांना 'लगे रहो मुन्नाभाई'मधले गांधीजी म्हणून. ही तिन्ही माणसे एकाच नटाने उभी केली आहेत हे माहीत असले, तरी तिन्ही चेहरे शेजारी ठेवल्यावर ते चटकन पटत नाही.

अशा नटासाठी आपल्याकडे 'अष्टपैलू' हे विशेषण तयार असते. मात्र ते इतके सढळ हाताने वाटले गेले आहे की दोन विनोदी आणि एक गंभीर भूमिका केलेला कोणताही नट आता अष्टपैलू ठरतो. म्हणून मुळातूनच प्रश्न विचारणे बरे. एका नटाने वेगवेगळ्या प्रकृतीची माणसे साकारणे इतके दुर्मीळ का असते, ते कशाच्या बळावर जमते, आणि त्याची किंमत काय मोजावी लागते? प्रभावळकरांची पाच दशकांहून अधिक काळाची कारकीर्द या प्रश्नांची उत्तरे शोधायला सोयीची आहे, कारण रंगभूमी, दूरचित्रवाणी आणि चित्रपट या तिन्ही ठिकाणी त्यांनी महत्त्वाची कामे केली आहेत.

नटाला साच्यात का बसवतात?

चित्रपटाच्या धंद्यात 'साचा' म्हणजे नटाची ठरून गेलेली प्रतिमा. एखाद्याने एकदा सरपंच चांगला रंगवला की पुढच्या दहा चित्रपटांत त्याला सरपंचच करायला बोलावतात. यात आळस असतोच, पण केवळ आळस नसतो. दोन-अडीच तासांच्या चित्रपटात दुय्यम पात्राच्या वाट्याला जेमतेम पंधरा-वीस मिनिटे येतात आणि तेवढ्यात त्या पात्राचा स्वभाव प्रेक्षकांना कळायला हवा असतो. ओळखीचा नट आत येताक्षणीच अर्धे काम होऊन जाते. निर्मात्याने पैसे घातलेले असतात, वितरकाला पोस्टरवर काय विकायचे ते ठाऊक हवे असते, आणि प्रेक्षकालाही आवडलेली गोष्ट पुन्हा पाहायची असते. म्हणजे साचा हा तिघांच्या संमतीने तयार होतो आणि बळी मात्र चौथ्याचा, नटाचा, जातो.

निळू फुले यांचे उदाहरण यासाठी बोलके आहे. १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'नंतर ग्रामीण भागातला बेरकी, बाईलवेडा, सत्तेने माजलेला पुढारी म्हटले की तेच, असे समीकरण बसले. त्या भूमिका त्यांनी इतक्या ताकदीने केल्या की खऱ्या आयुष्यातला राष्ट्र सेवा दलाचा संस्कार असलेला हा साधा माणूस अनेकांना खराच वाटत नसे. १९७९ मध्ये 'सिंहासन'मध्ये जब्बार पटेल यांनी त्यांना दिगू टिपणीस हा पत्रकार दिला. राजकारण्यांच्या कोलांटउड्या निमूटपणे पाहत राहणारी ही भूमिका पाहिली की साच्यामुळे आपण काय काय गमावले असेल याचा अंदाज येतो. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या बाबतीत तर साचा आणखी घट्ट होता. 'एक होता विदूषक' हा १९९२ चा चित्रपट त्यांच्यातल्या गंभीर नटाची साक्ष देतो, पण 'लक्ष्या'वर जीव टाकणारा प्रेक्षक त्या चित्रपटाला तशी गर्दी करून आला नाही. तेव्हा साचा मोडणे हे नटाच्या एकट्याच्या कुवतीवर अवलंबून नसते, हे आधी लक्षात घेतले पाहिजे.

मग प्रभावळकर साच्यात का अडकले नाहीत?

याचे पहिले कारण काहीसे रुक्ष आहे आणि म्हणूनच त्यावर कोणी फारसे बोलत नाही. ४ ऑगस्ट १९४४ रोजी जन्मलेल्या प्रभावळकरांनी विज्ञान शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि नाटकाच्या जोडीने नोकरीही केली. त्या पिढीतल्या मुंबईच्या अनेक रंगकर्मींचा दिनक्रम असाच असे: दिवसा कचेरी, संध्याकाळी तालीम आणि शनिवार-रविवारी प्रयोग. घरखर्च अभिनयावर अवलंबून नसला की नटाला एक मोठी चैन परवडते, ती म्हणजे नाही म्हणण्याची. आलेली भूमिका कालच्यासारखीच आहे असे वाटले तर ती सोडता येते. पूर्णवेळ अभिनयावर जगणाऱ्याला पुढच्या महिन्याचे घरभाडे समोर दिसत असते, आणि साचा नेमका तिथेच पकडतो.

दुसरे कारण म्हणजे त्यांची उमेदवारी कोठे झाली. रत्नाकर मतकरी यांच्या नाट्यसंस्थेत त्यांनी बालनाट्यांत कामे केली आणि 'अलबत्या गलबत्या'मधली चेटकीण गाजवली. बालनाट्य हे हलके काम, असा एक समज आहे. खरे तर नटासाठी इतकी कठोर शाळा दुसरी नाही. मोठा प्रेक्षक कंटाळला तरी सभ्यपणे बसून राहतो, पण मूल उठून खुर्च्यांमधून धावायला लागते. चेटकीण भयंकर हवी, पण मुलांनी रडत घरी जाऊ नये इतकी मजेशीरही हवी, आणि हे दोन्ही एकाच आवाजात, एकाच चालीत सांभाळायचे असते. भय आणि हसू यांच्या सीमारेषेवर चालण्याची ही सवय पुढे तात्या विंचूच्या कामी आली असावी, असे मला वाटते. त्याच मतकरींच्या 'आरण्यक' या महाभारतातल्या युद्धानंतरच्या काळावर आधारलेल्या काव्यमय नाटकात ते विदुर झाले, आणि अनेक दशकांनी ते नाटक पुन्हा रंगमंचावर आले तेव्हाही विदुराच्या भूमिकेत तेच होते. चेटकीण आणि विदुर ही दोन टोके एकाच लेखक-दिग्दर्शकाच्या हाताखाली मिळाल्यामुळे 'हा विनोदी नट' की 'हा गंभीर नट' असा शिक्का उमेदवारीत तरी बसला नाही.

तीन माध्यमे, तीन वेगळी गणिते

नाटक, मालिका आणि चित्रपट या तिन्हींत अभिनयच करायचा असतो, मग फरक तो काय, असे प्रेक्षकाला वाटणे स्वाभाविक आहे. फरक अंतराचा आहे. शेताच्या बांधावरून पलीकडच्या माणसाला हाक मारणे आणि शेजारी बसलेल्याच्या कानात काही सांगणे या दोन्हीला आपण बोलणेच म्हणतो, परंतु हाक मारण्याच्या पट्टीत कोणी कानाशी बोलू लागले तर आपण दचकून मागे सरतो. नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचलेला हावभाव कॅमेऱ्याच्या क्लोज-अपमध्ये असाच अंगावर येतो. रंगभूमीवरून आलेले अनेक गुणी नट पडद्यावर 'नाटकी' वाटतात, त्याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते.

याखेरीज काळाचा फरक असतो. नाटकात पात्राचा सगळा प्रवास एका रात्रीत, सलग आणि क्रमाने घडतो आणि पुढच्या प्रयोगात तो सुधारण्याची संधी मिळते. चित्रपटात शेवटचा प्रसंग पहिल्या दिवशी चित्रित होऊ शकतो, म्हणून नटाला संपूर्ण आलेख डोक्यात ठेवून त्यातला एखादाच बिंदू अचूक गाठावा लागतो. मालिकेचे गणित आणखी निराळे असते. तिथे पुढे काय होणार हे पुष्कळदा लेखकालाच ठाऊक नसते, त्यामुळे नटाने कथानकाच्या आधारावर न राहता माणूस पक्का करून ठेवावा लागतो; तो माणूस कोणत्याही प्रसंगात टाकला तरी कसा वागेल हे नटाला माहीत असावे लागते.

प्रभावळकरांना घराघरांत नेले ते मालिकेनेच. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात चि. वि. जोशी यांच्या कथांवरची 'चिमणराव गुंड्याभाऊ' ही मालिका आली. बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले आणि प्रभावळकर चिमणराव. चिमणराव ही तशी धोक्याची भूमिका होती, कारण वाचकांनी तो पिढ्यान्पिढ्या मनात रंगवलेला होता. शिवाय त्याचा भित्रेपणा आणि बावळटपणा जरा जास्त झाला की त्याचे माकड व्हायला वेळ लागत नाही. चिमणरावाला स्वतःला आपण बावळट आहोत असे मुळीच वाटत नाही, तो आपल्या परीने संसाराचा गाडा सन्मानाने ओढतो आहे, ही जाण त्या अभिनयात होती. प्रेक्षक चिमणरावाला हसला, पण त्याची कीव करत बसला नाही.

यानंतर साचा तयारच होता. भित्र्या, मध्यमवर्गीय, धांदरट गृहस्थांची रांग लावून आयुष्य निघाले असते. त्याऐवजी दूरदर्शनच्याच 'साळसूद' या मालिकेत ते खलनायक झाले. चिमणरावाच्या चेहऱ्यावरचा विश्वास खलनायकाला वापरू देणे हे धाडस होते, आणि साच्याचा पहिला टवका तिथे उडाला.

अपंगत्वाच्या दोन्ही बाजू

या संपूर्ण कारकिर्दीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक जोडी, जिच्याकडे जोडी म्हणून फारसे पाहिले गेलेले नाही. जयवंत दळवी यांच्या 'नातीगोती' या नाटकात काटदरे दांपत्याचा मुलगा बच्चू मतिमंद आहे. बच्चूचे काम अतुल परचुरे यांनी केले आणि काटदरे, म्हणजे बाप, झाले प्रभावळकर. मुलावर माया आहे, पण दमणूकही आहे. त्याच्या भविष्याची चिंता आहे आणि त्या चिंतेतून सुटावे अशी, उच्चारता न येणारी इच्छाही आहे. असा बाप रंगवताना नटाला सहानुभूती मागण्याचा मोह होतो. दळवींच्या लेखनाची मागणी नेमकी उलटी आहे, बापाच्या मनातले काळे कोपरे न झाकता दाखवायचे.

त्यानंतर १९९१ मध्ये संजय सूरकर दिग्दर्शित 'चौकट राजा' आला आणि यात प्रभावळकर नंदू झाले, म्हणजे लहानपणीच्या अपघाताने बुद्धीची वाढ खुंटलेला मोठा माणूस. त्याची आई सुलभा देशपांडे, बालमैत्रीण स्मिता तळवलकर. जो नट रंगमंचावर अशा मुलाचा बाप म्हणून त्याच्याकडे पाहत होता, तो आता त्या मुलाच्या जागी जाऊन जगाकडे पाहू लागला. नंदूच्या बाबतीत सर्वांत सोपा मार्ग होता तो लक्षणांचा: वाकडी मान, अडखळती जीभ, वेडेवाकडे हात. ती लक्षणे चित्रपटात आहेतच, पण ती लवकरच नजरेआड होतात, कारण नंदूला काहीतरी हवे आहे आणि ते मिळवण्याची त्याची धडपड प्रेक्षकाला कळते. त्याला राग येतो, मत्सर वाटतो, तो हट्टाला पेटतो, गंमत करतो. माणूस म्हणून तो पुरता आहे.

अष्टपैलुत्व म्हणजे नेमके काय, याचे उत्तर मला या जोडीत सापडते. पात्र जगाकडे कोठून पाहते ती जागा नटाने आधी शोधायची आणि मग चाल, आवाज, हातवारे त्या जागेवरून येऊ द्यायचे. ज्याला ती जागा सापडते तो एकाच परिस्थितीतली दोन निराळी माणसे साकारू शकतो. ज्याला ती सापडत नाही, त्याच्या दहा भूमिकांत दहा टोप आणि दहा मिशा असतात, आत माणूस एकच.

हे सगळे रंगभूषेचेच काम नाही का?

हा आक्षेप योग्य आहे आणि प्रभावळकरांच्या बाबतीत तर तो हटकून घेतला जातो, कारण त्यांनी वेशांतराचा खेळ मनापासून खेळलेला आहे. स्वतः लिहिलेल्या 'हसवाफसवी' या नाटकात ते सहा भूमिका करत. त्यांत उच्चभ्रू बाई होती, परदेशी राजपुत्र होता आणि शेवटी येणारे कृष्णराव हेरंबकर हे जुन्या संगीत रंगभूमीवरचे वयोवृद्ध गायक नट होते. 'वासूची सासू'मध्येही पुरुषाने बाई होण्याची करामत होती. अशा नाटकांत प्रेक्षकाच्या आनंदाचा मोठा भाग 'अरे, हासुद्धा तोच!' या आश्चर्याचा असतो, हे मान्य करायला हवे.

परंतु आश्चर्य पहिल्या दोन मिनिटांत संपते आणि प्रवेश त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे चालायचा असतो. कृष्णराव हेरंबकर आले की हसणाऱ्या प्रेक्षागृहात हळूहळू वेगळेच वातावरण तयार होई, ते पांढऱ्या केसांच्या टोपामुळे नव्हे. वैभव सरलेल्या नटाला अजूनही टाळी हवी आहे आणि ती मागताना त्याला संकोच वाटत नाही, ही त्या माणसाची गंमत आणि शोकांतिका दोन्ही होती.

रंगभूषा पूर्णपणे वजा केल्यावर काय उरते, हे पाहायचे असेल तर तात्या विंचू घ्यावा. महेश कोठारे यांच्या १९९३ च्या 'झपाटलेला'मध्ये या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि त्यानंतर पडद्यावर बहुतांश वेळ दिसतो तो रामदास पाध्ये यांचा बाहुला. नटाकडे चेहरा नाही, शरीर नाही, हाती राहतो तो फक्त आवाज. तो घोगरा, खुनशी आणि तरीही किंचित हास्यास्पद आवाज एवढ्या भांडवलावर महाराष्ट्रातल्या एका पिढीच्या झोपेचे खोबरे झाले.

गांधीजींचे उदाहरण याच्या बरोबर उलट, कारण तिथे चेहरा सगळ्या जगाला पाठ आहे. रिचर्ड अॅटनबरो यांच्या १९८२ च्या चित्रपटात बेन किंग्जले यांनी चरित्रातले गांधी उभे केले होते आणि त्यानंतरच्या प्रत्येक नटाची तुलना त्यांच्याशी होणार हे ठरलेले होते. राजकुमार हिरानी यांच्या २००६ च्या 'लगे रहो मुन्नाभाई'ने ही तुलना मोठ्या चतुराईने टाळली. या चित्रपटातले गांधी हे इतिहासातले गांधी नाहीत. ते मुन्नाच्या डोक्यातले आहेत. मुन्नाने जेवढे वाचले तेवढेच त्यांना ठाऊक आहे, आणि जे मुन्नाला येत नाही ते त्यांनाही सांगता येत नाही, हे चित्रपटातच चारचौघांसमोर सिद्ध होते. साहजिकच नटाला साकारायचा होता तो एका टपोरी पण भल्या मनाच्या माणसाने कल्पिलेला आजोबा. प्रभावळकरांच्या गांधींमध्ये वक्तृत्व नाही, आदेश नाहीत. शेजारी बसून, किंचित मिश्कीलपणे, तू काय करायचे ते तूच ठरव, असे सुचवणारी लय आहे. या भूमिकेसाठी आणि गजेंद्र अहिरे यांच्या 'शेवरी' या मराठी चित्रपटातल्या कामासाठी मिळून त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

लिहिणारा नट

या यशाचा एक धागा अभिनयाबाहेर जातो. प्रभावळकर लेखकही आहेत. 'बोक्या सातबंडे' या त्यांच्या मुलांसाठीच्या कथा सुपरिचित आहेत आणि 'अनुदिनी' या त्यांच्या पुस्तकातूनच केदार शिंदे दिग्दर्शित 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका जन्माला आली. २००१ मध्ये अल्फा मराठीवर ती सुरू झाली तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते आणि आबा टिपरे हे त्यांच्याहून बरेच थोराड, निवृत्त आजोबा. शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या आणि आबा या पाच माणसांच्या घरात कोणताही कट शिजत नसे, कोणी कोणाच्या मुळावर उठत नसे. पात्राची रोजनिशी ज्याने स्वतः लिहिली आहे, त्याला पात्र काय बोलते यापेक्षा काय बोलायचे टाळते हे अधिक नेमके माहीत असते. आबा घरातल्या भांडणात पुष्कळदा गप्प बसतात आणि त्यांच्या त्या गप्प बसण्यात मजा आहे.

सगळेच करणारा कशातच पूर्ण नसतो का?

असेही म्हटले जाते की सर्व प्रकारच्या भूमिका करणाऱ्याला कोणत्याच एका प्रकारात शिखर गाठता येत नाही. यात तथ्याचा अंश आहे. विनोदाची वेळ साधण्यात अशोक सराफ यांची जी हुकमत आहे, ती एकाच प्रांतात अनेक वर्षे मुक्काम केल्याशिवाय येत नाही. सराफ पडद्यावर आले की प्रेक्षक अशोक सराफ यांना पाहायला बसतो आणि त्या आनंदात पात्र काहीसे मागे पडले तरी कोणाची तक्रार नसते. अशा नटाला तारा म्हणतात. पात्रात विरघळून जाणाऱ्या नटाला असे तारेपण मिळत नाही, कारण तिकीट काढणाऱ्याला आज नेमके कोण भेटणार हे माहीतच नसते. प्रभावळकरांच्या नावावर चित्रपट उभा राहिल्याची उदाहरणे मोजकी आहेत. राष्ट्रीय पुरस्कारदेखील 'सहायक' अभिनेत्याचा आहे, आणि त्या शब्दात त्यांच्या कारकिर्दीची बाजारातली जागा बरोबर सांगितली गेली आहे.

दुसरी गोष्ट अशी की साचा त्यांच्याही दारात आलाच. आबा टिपरे आणि गांधीजी यांच्या लागोपाठच्या लोकप्रियतेने प्रेमळ, समंजस, मिश्कील वृद्धाची एक प्रतिमा घट्ट झाली, आणि त्यानंतरच्या काही भूमिकांत त्या प्रतिमेचीच उजळणी झाली असे म्हणण्यात त्यांचा अनादर होत नाही. मात्र त्यांनी, आणि काही हुशार दिग्दर्शकांनी, तो साचाच हत्यारासारखा वापरला. २००८ च्या 'सरकार राज'मध्ये राम गोपाल वर्मा यांनी त्यांना रावसाहेब दिले. गावातला आदरणीय, सौम्य, ज्याच्या पाया पडावे असा हा वृद्ध शेवटी कारस्थानाच्या मुळाशी निघतो. तिथे दुसरा कोणी नेहमीचा खलनायक असता तर प्रेक्षकाने पहिल्याच दृश्यात ओळखले असते. त्याआधी २००२ मध्ये 'एन्काउंटर: द किलिंग' या हिंदी चित्रपटात नसीरुद्दीन शाह यांच्यासमोर ते पुनप्पा हा गुन्हेगारी टोळीचा म्होरक्या झाले होते. आबा टिपरे टीव्हीवर ऐन भरात असतानाचे हे काम आहे, आणि ज्यांनी फक्त आबा पाहिले आहेत त्यांनी ते आवर्जून पाहावे.

आज असा नट घडू शकेल का?

गुणवत्तेच्या बाजूने पाहिले तर का घडू नये? अडचण रचनेची आहे. आजची दैनंदिन मालिका नटाचे महिन्यातले बहुतेक दिवस घेते, तीच भूमिका दोन-तीन वर्षे चालते, आणि त्या काळात नाटकाचे प्रयोग सांभाळणे तारेवरची कसरत होते. दूरदर्शनच्या काळात तेरा भागांच्या मालिका असत. नट एक माणूस उभा करी, निरोप घेई आणि पुढच्या कामाला मोकळा होई. पैसा तेव्हा कमी होता, पण मोकळीक जास्त होती. ओटीटीवरच्या आठ-दहा भागांच्या मालिकांनी ही मोकळीक काही प्रमाणात परत आणली आहे, तरी मराठीत अशी निर्मिती अजून हिंदीच्या मानाने तुरळक आहे. दिवसा पोटाची सोय आणि संध्याकाळी प्रयोगशील नाटक ही जुनी व्यवस्था तर मुंबईच्या वाढलेल्या अंतरांनी आणि कामाच्या तासांनी जवळपास मोडीत काढली आहे.

त्याहून मोठी उणीव लेखनाची आहे. नट कितीही लवचीक असला, तरी कोणीतरी त्याच्यासाठी माणूस लिहावा लागतो, आणि साठीपुढच्या नटासाठी असा मध्यवर्ती माणूस क्वचितच लिहिला जातो. 'दशावतार' येण्याआधी प्रभावळकरांना अशी मोठी संधी मिळाली ती २०१३ मध्ये, आदित्य सरपोतदार यांच्या 'नारबाची वाडी'त. आपल्या वाडीवर जीव असलेला आणि ती बळकावू पाहणाऱ्यांना मरण लांबवून लांबवून जेरीस आणणारा म्हातारा नारबा अस्सल कोकणी वाटतो, पण त्याचे मूळ मनोज मित्र यांच्या 'साजानो बागान' या बंगाली नाटकात आहे. तपन सिन्हा यांनी १९८० मध्ये त्यावर चित्रपट केला, तेव्हा म्हाताऱ्याची भूमिका स्वतः मनोज मित्र यांनीच केली होती. त्या वेळी ते चाळिशीच्या आसपास होते. नारबा साकारताना प्रभावळकर सत्तरीच्या उंबरठ्यावर होते, आणि त्यांच्या वयाला साजेशी ती भूमिका मराठीला बंगालीतून आणावी लागली.